चाराचे तीन विषय होताना

इंग्लंडमधल्या एका शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या शेवटच्या दोन वर्षांत, मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि वेळापत्रक लावण्याचे कामही बरीच वर्षे माझ्याकडेच आहे. ए लेव्हलमध्ये, म्हणजे या दोन वर्षांच्या विषयवार परीक्षेत, जिच्यावर विद्यापीठ प्रवेश ठरतो, 2015 पासून आलेल्या सुधारणेवर शैक्षणिक अंगाने भरपूर चर्चा झाली. शाळेतले निर्णय मात्र बहुतांशी तासिका, शिक्षक आणि पैसा यांच्या हिशोबावर झाले, असे माझे मत आहे.

2000 सालापासूनच्या पद्धतीत मुले पहिल्या वर्षी साधारणपणे चार विषय एएस, म्हणजे ए लेव्हलच्या पहिल्या टप्प्याच्या, पातळीवर घेत, उन्हाळ्यात परीक्षा देत, एक विषय सोडत आणि उरलेले तीन पुढे नेत. अंतिम ए लेव्हलच्या एकूण गुणांत एएसच्या गुणांचा वाटा निम्मा असे. सुधारणेने हा सांधा तोडला. ए लेव्हलची संपूर्ण परीक्षा दोन वर्षांच्या अखेरीस गेली आणि एएस ही वेगळी पात्रता झाली, जिचे गुण ए लेव्हलमध्ये मिळवले जात नाहीत. वेल्सने आणि उत्तर आयर्लंडने एएसचा वाटा 40 टक्क्यांवर आणला, पण ती जोडलेलीच ठेवली.

खरी पंचाईत टप्प्यांमुळे झाली. भौतिकशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र वगैरे विषय 2015 मध्ये बदलले, भूगोल आणि फ्रेंच 2016 मध्ये, तर गणित थेट 2017 मध्ये. त्यामुळे 2015 च्या सप्टेंबरात भौतिकशास्त्र, इतिहास, गणित आणि भूगोल घेतलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या दोन विषयांत एएसचे गुण पुढे निम्मे धरले जाणार होते आणि दोन विषयांत अजिबात नाही. ‘सर, मग जूनसाठी जास्त अभ्यास कशाचा करू?’ असे तिने विचारले. भौतिकशास्त्राचा शिक्षक असूनही मला ‘गणिताचा’ असेच सांगावे लागले.

नव्या विषयांत एएस ठेवायची की नाही, यावर आमच्या बैठका लांबल्या. 2013 पासून सरकारी अनुदान विषयांमागे नव्हे, तर विद्यार्थ्यामागे मिळते. तेव्हा वर्षाला किमान 540 तासांचा अभ्यासक्रम असला की पूर्ण दर मिळे, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी तो दर 2020 पर्यंत 4,000 पौंडांवरच अडकलेला होता. एका ए लेव्हलला 360 तास धरले, तर तीन विषयांचे दोन वर्षांत 1,080 तास होतात, म्हणजे वर्षाला नेमके 540. तीन ए लेव्हलला जोडून एखादी एएस घेतली तरी त्या मुलामागे पैसे तेवढेच, शिवाय परीक्षेचे शुल्क वेगळे. केंब्रिज विद्यापीठ शाळांना एएस चालू ठेवण्याचा आग्रह करत होते, कारण प्रवेशाच्या वेळी त्यांना शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणींपेक्षा प्रत्यक्ष निकाल हवा होता. आमच्या बैठकीत या आग्रहाचा आदराने उल्लेख झाला, एवढेच.

माझा स्वतःचा कल एएस काढण्याकडेच होता, पण त्याचे कारण निराळे होते. एएस आणि ए लेव्हलची मुले पहिल्या वर्षी एकाच वर्गात बसवता येतात, हे खरे. मात्र मग एएसचा भाग वसंतातच संपवावा लागतो आणि परीक्षेच्या रजेत शिकवण्याचे कितीतरी आठवडे जातात. एएस नसेल, तर जूनमध्ये प्रयोग करता येतात. नव्या पद्धतीत विज्ञानाच्या किमान बारा प्रयोगांची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे या आठवड्यांना मोल आहे. गंमत म्हणजे प्रयोगांचा निकाल प्रमाणपत्रावर वेगळा येतो, श्रेणीत धरला जात नाही.

2017 साठी गणिताची तयारी सर्वांत अवघड गेली. पूर्वी शाळा यांत्रिकी किंवा संख्याशास्त्र यांपैकी काय घ्यायचे ते निवडू शकत असत, आता दोन्ही सक्तीचे झाले आणि आमच्या गणिताच्या एका सहकाऱ्यांनी यांत्रिकी कधीच शिकवलेली नव्हती. त्यांच्या दोन तासिका मी घेतल्या. त्याच वर्षी जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेच्या, गणितात आणि इंग्रजीत अक्षरांऐवजी 9 ते 1 अशा श्रेणी आल्या, त्यामुळे आमच्या प्रवेशपुस्तिकेत एकाच पानावर गणितासाठी ‘7’ आणि भौतिकशास्त्रासाठी ‘बी’ अशी अट छापावी लागली. आदल्या नोव्हेंबरात पालकांना प्रवेशाची माहिती देण्यासाठी ठेवलेल्या संध्याकाळी बहुतेक पालक मला त्या पानाबद्दलच विचारत होते.