सागरी मार्गाने गोव्यापर्यंत: मोठ्या मोटारसायकलीऐवजी स्कूटर

पुण्याहून कोकणात उतरून समुद्राच्या कडेने गोव्यापर्यंत जायचे तर साडेतीनशे सीसीची मोटारसायकलच हवी, हा समज अलीकडे इतका पक्का झाला आहे की स्कूटर घेऊन निघतो म्हटल्यावर घरचेही अडवतात आणि मित्रही. मी आणि माझी पत्नी हा प्रवास १२५ सीसीच्या साध्या, गिअर नसलेल्या स्कूटरवरून करून आलो. या विशिष्ट रस्त्यासाठी स्कूटर हे अधिक योग्य वाहन आहे, असे माझे मत त्यातून बनले. ज्यांना याच मार्गाने जायचे आहे त्यांच्या उपयोगाच्या गोष्टी येथे नोंदवतो.

स्कूटरवरून दूरचा प्रवास ही पुणेकरांना नवी गोष्ट नाही. आकुर्डीच्या बजाजने १९७२ साली चेतक बाजारात आणली आणि पुढची कित्येक वर्षे पती-पत्नी, पुढे उभे राहिलेले मूल आणि मागे बांधलेली स्टेपनी अशा संसारासह माणसे घाट उतरून कुलदैवताला जाऊन येत. त्या स्कूटरला हाताने गिअर टाकावे लागत, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे आणि प्लग काळा पडला की रस्त्यात थांबून तो साफ करावा लागे. आजच्या स्कूटरला यांतले काहीच करावे लागत नाही, तरीही तिला भाजी आणण्याचे वाहन समजले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निवड करताना पहिला विचार वाहनाचा न करता रस्त्याचा करावा. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा सागरी मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी रुंदीचा आहे. गावातून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणभिंती) असतात, वळणापलीकडचे काही दिसत नाही आणि समोरून एसटी आली की एकाला बाजूला व्हावे लागते. या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर हाच शहाणपणाचा वेग आहे आणि तो कोणतीही १२५ सीसीची स्कूटर दोघांना घेऊन सहज राखते. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० सारख्या मोटारसायकलीचे वजन १९५ किलो असते, तर बहुतेक स्कूटर १०५ ते ११० किलोंच्या आसपास असतात. गडग्याला लागून गाडी मागे घेताना, लॉजच्या अंगणातील वाळूत ती वळवताना किंवा उतरत्या धक्क्यावर तोल सांभाळताना हा फरक दिवसातून अनेकदा जाणवतो.

आम्ही मुळशीवरून ताम्हिणी घाटाने विळ्याला उतरलो आणि निजामपूर, माणगाव, म्हसळा असे श्रीवर्धनला पोहोचलो. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सोयीची आहे. तिच्यात दुचाकी घेतात आणि महामार्गाचा पहिला कंटाळवाणा भाग टळतो. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला यावे आणि फेरीबोटीने दिघीला उतरावे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे, हे नकाशा पाहून मार्ग आखताना विसरू नये.

घाट उतरण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण स्कूटरची खरी परीक्षा चढापेक्षा उतारावर होते. मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला रोखून धरते. स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा पट्टा आणि वेगानुसार आपोआप पकडणारा व सुटणारा सेंट्रिफ्युगल क्लच असतो. थ्रॉटल पूर्ण सोडून वेग बराच कमी झाला की क्लच सुटतो आणि त्यानंतर गाडी उतारावर मोकळी धावू लागते. तीव्र वळणावर वेग कमी केल्यानंतर नेमके हेच घडते आणि नवख्या माणसाला गाडी अचानक हातातून सुटल्यासारखी वाटते. यावर उपाय सोपा आहे: वळण संपताच थ्रॉटल किंचित द्यावा म्हणजे क्लच पुन्हा पकडतो, आणि मग थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा थोडाफार विरोध मिळत राहतो. ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. ड्रम ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते, म्हणून वळणाआधी ठामपणे दाबावेत आणि मग पूर्ण सोडावेत. दोघे आणि सामान असेल तर मध्ये एकदा थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची जुनी सवय कोणाला असेल, तर ती येथे पूर्णपणे टाकावी.

सामान कसे बांधावे हेही स्कूटरच्या रचनेवरून ठरते. तिचे इंजिन मागच्या चाकालगत असते, त्यामुळे वजन मुळातच मागे असते. मागे बसणारी व्यक्ती आणि तिच्यामागे कॅरिअरवर मोठी पिशवी अशी भर पडली की पुढचे चाक हलके होते आणि चढावर हँडल डगमगते. म्हणून जड पिशवी पुढे पायांजवळच्या जागेत आडवी ठेवून दोन ठिकाणी घट्ट बांधावी, मात्र पाय नीट टेकतील आणि मागचा ब्रेक पायाने चालणारा असेल तर तो मोकळा राहील, एवढी काळजी घ्यावी. मागच्या कॅरिअरवर फक्त हलके कपडे ठेवावेत. आसनाखालची डिकी इंजिनाच्या उष्णतेने तापते. तिच्यात औषधे, कॅमेरा किंवा पॉवर बँक ठेवू नये. आम्ही तिथे पंक्चरचे साहित्य, रेनकोट आणि हत्यारे ठेवली. पेट्रोलची बाटली तर तिथे कधीच ठेवू नये.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वीला रत्नागिरी जिल्ह्यात प्रवेश होतो. अशाच फेरीबोटी वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड येथे आहेत. या तीन खाड्या बोटीने ओलांडल्या नाहीत तर आतल्या पुलापर्यंत मोठा वळसा पडतो. बोटीत चढताना धक्क्याचा पाण्यालगतचा भाग शेवाळाने निसरडा असतो, विशेषतः ओहोटीच्या वेळी, आणि त्यानंतर लोखंडी फळी लागते. मागे बसलेल्या व्यक्तीने आधीच उतरून चालत जावे. चालवणाऱ्याने दोन्ही पाय खाली ठेवत सरळ रेषेत जावे, फळीवर ब्रेक मारू नये आणि हँडल वळवू नये. रांगेत चढावर थांबावे लागले तर ब्रेक धरून थांबावे. थ्रॉटलवर गाडी तोलून धरली की क्लच घासतो आणि जळका वास येऊ लागतो. बोटीत स्कूटर मधल्या स्टँडवर लावावी आणि शक्यतो जवळ उभे राहावे. सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लांबते, पण दुचाकींना उरलेल्या फटीत जागा मिळते, त्यामुळे आमचा खोळंबा फारसा झाला नाही. रेवस–रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवरच्या पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत. ती पूर्ण होतील तेव्हा हा भाग बदलेल, म्हणून निघण्यापूर्वी ताजी माहिती घ्यावी.

वेश्वीहून बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै हा टप्पा मला संपूर्ण प्रवासात सर्वांत आवडला. रस्ता कधी सुरूच्या बनामागून जातो, कधी टेकडीवर चढून एकदम समुद्र समोर आणतो. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीकडे जाणारा चढ स्कूटरने दोघांना घेऊन सावकाश पण न कुरकुरता चढवला. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो आणि समोर सुवर्णदुर्ग दिसतो. तिथल्या गर्दीत आणि ओल्या वाळूत जड गाडी नेणे कठीणच झाले असते. दापोलीत पेट्रोल भरून दाभोळ गाठावे.

पेट्रोलचे गणित मात्र काटेकोर ठेवावे लागते. क्लासिकची टाकी १३ लिटरची, तर स्कूटरची साधारण ५ लिटरची असते. घाटात आणि दोघांच्या वजनासह लिटरला ४० किलोमीटर धरले तरी पूर्ण टाकीत २०० किलोमीटर होतात. त्यातले दीडशेच आपले समजावेत. काटा अर्ध्यावर आला आणि तालुक्याचे गाव लागले की टाकी भरायची, हा नियम पाळला तर श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले येथे थांबत कोणतीही अडचण येत नाही.

गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळ आणि पलीकडे जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. तिथून रत्नागिरीला जाताना आरे-वारेचा रस्ताच घ्यावा. उतार तीव्र आहेत, पण खाली पसरलेले दोन किनारे पाहण्यासाठी थांबायला जागा आहे, आणि कुठेही पाच मिनिटे थांबता येणे हा स्कूटरचा मोठा गुण आहे. रत्नागिरीपुढे पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर या भागात वस्ती विरळ होते आणि सडे, म्हणजे जांभ्या दगडाची पठारे, लागतात. या उघड्या सड्यांवर दुपारनंतर समुद्राकडून आडवा वारा येतो. हलक्या गाडीला तो ढकलतो, म्हणून तेथे वेग कमी ठेवावा आणि हा टप्पा सकाळीच उरकावा.

लहान चाक ही स्कूटरची खरी मर्यादा आहे. अनेक स्कूटरचे मागचे चाक १० इंचांचे असते, त्यामुळे मोटारसायकल ज्या खड्ड्यावरून नुसती हलून जाते त्यात स्कूटरचे चाक पूर्ण उतरते. वळणावर पसरलेली बारीक खडी आणि जांभ्याचा मुरूम यांवरही लहान चाक लवकर घसरते. दोन्ही चाके १२ इंचांची असलेली स्कूटर मिळाली तर ती घ्यावी. टायर नवे नसले तरी खोल नक्षीचे असावेत आणि मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत दोघांसाठी सांगितलेलीच हवा असावी. ट्यूबलेस टायरचे पंक्चर चाक न काढता काढता येते, आणि ते शिकून घेणे अत्यावश्यक आहे, कारण अनेक स्कूटरचे मागचे चाक काढण्यासाठी आधी सायलेन्सर सोडवावा लागतो. देवगडच्या अलीकडे आम्हाला खिळा लागला. पट्टी घालून, पायपंपाने हवा भरून आम्ही चहा होईपर्यंत पुन्हा निघालो. पट्टा फुगला, तडकला किंवा कंपनीने सांगितलेल्या अंतराजवळ आला असेल तर तो निघण्यापूर्वीच बदलून घ्यावा. मोटारसायकलची साखळी रस्त्यावर कोणीही जोडून देतो, पण स्कूटरचा पट्टा तुटला तर त्याच मॉडेलचा पट्टा लहान गावात मिळेलच असे नाही.

देवगडहून कुणकेश्वर, आचरे, मालवण, मग परुळे, वेंगुर्ले, शिरोडा आणि गोव्याच्या सीमेलगतचे रेडी. एका दिवसात दीडशे किलोमीटरच्या पुढे आखणी करू नये. स्कूटरवर पाठ ताठ राहते आणि सर्व भार माकडहाडावर येतो. तासाभराने उतरून चालले नाही तर तिसऱ्या दिवशी बसणे अशक्य होते. मागे बसणाऱ्याला मात्र सपाट, रुंद आसनामुळे मोटारसायकलपेक्षा अधिक आराम मिळतो, असा माझ्या पत्नीचा स्पष्ट अभिप्राय आहे आणि जोडीने जाणाऱ्यांनी त्याला वजन द्यावे. अंधारानंतर चालवू नये. रस्त्यावर गुरे बसलेली असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात हवा बिघडली की फेरीबोटी बंद राहतात आणि घाटात दरडीही कोसळतात.

परतीसाठी आम्ही सावंतवाडीहून आंबोली घाट चढून आजऱ्यावरून कोल्हापूर गाठले. चढावर वेग ३० ते ३५ वर आला. मागच्या वाहनांना वाट देत, एकसारखा थ्रॉटल ठेवत चढलो आणि वर पोहोचल्यावर इंजिनाला काही वेळ विश्रांती दिली. कोल्हापूर ते पुणे या महामार्गावर मात्र मोटारसायकलच चांगली, हे मान्य करायला हवे. ट्रक ओलांडून जाताना हवेचा झोत स्कूटरला हलवतो आणि ओव्हरटेक करण्यासाठी लागणारी ताकद तिच्याजवळ नसते. हा भाग आम्ही पहाटे निघून, डाव्या बाजूला राहून, ६० च्या वेगाने पार केला. ज्यांचा प्रवास मुख्यतः चौपदरी महामार्गावरून आहे त्यांनी स्कूटर घेऊ नये. महामार्ग टाळायचा असेल तर मडगाव किंवा रत्नागिरीहून स्कूटर रेल्वेने पाठवता येते. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गाडी गोणपाटात बांधावी लागते आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत द्यावी लागते. त्या कामासाठी गाडीच्या वेळेच्या पुरेसे आधी पार्सल कार्यालयात पोहोचावे.

घरी आल्यावर स्कूटर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावी, कारण फेरीबोटीवरचे खारे पाणी स्टँडच्या स्प्रिंगमध्ये, सायलेन्सरच्या नटांवर आणि ब्रेकच्या तारेत साठते. त्यानंतर एअर फिल्टर उघडून पाहावा. सड्यांवरची तांबडी धूळ त्यात हमखास सापडते. इंजिन ऑइल बदलताना मागच्या चाकाजवळचे गिअर ऑइलही बदलायला सांगावे, आणि ब्रेकचे ड्रम उघडून शू किती उरले आहेत ते स्वतः पाहावे.