गावातलं नाव आखातात कसं वाचलं जातं

दहावीच्या गुणपत्रिकेवर बोर्ड आधी आडनाव छापतं, मग स्वतःचं नाव, मग वडलांचं. शाळेच्या हजेरीपटापासून ही सवय असल्याने आपल्याकडे कुणाला त्यात काही खटकत नाही. तीच गुणपत्रिका मस्कत किंवा दोह्यातल्या कंपनीच्या टेबलावर पोचते, तेव्हा पहिला शब्द माणसाचं नाव आणि शेवटचा शब्द आडनाव असं धरून वाचली जाते. समजा, दापोलीच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर ‘पारकर इम्रान हसन’ आहे. इथे, आम्ही राहतो त्या आखातात, तो पारकर नावाचा, हसन घराण्यातला माणूस ठरतो. पासपोर्टवर मात्र तो इम्रान हसन पारकर. दोन कागदांवर दोन माणसं दिसली की फाइल थांबते आणि खुलासा करायचं काम त्या मुलावर येतं. ज्या कंपनीच्या फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव असे दोनच रकाने आहेत, तिला कुणी खुलासा मागत नाही.

खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन अशा कोकणातल्या तालुक्यांतून आखातात येणं आता दोन-तीन पिढ्यांचं झालं. पैसे कसे पाठवायचे, व्हिसा खरा की खोटा कसं ओळखायचं, हे घरोघरी माहीत आहे. नावाचा विचार मात्र आधी कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, मधे बाणाच्या टोकासारख्या खुणा भरलेल्या. विमानतळावरचं यंत्र त्या वाचतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात त्यांचे नियम आहेत. प्रत्येक ओळ ४४ घरांची. पहिल्या ओळीतली पाच घरं कागदाचा प्रकार आणि देश यांना जातात, उरतात ३९. त्यात आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीचं नाव, प्रत्येक शब्दामागे एक खूण. अक्षरं फक्त रोमन, ए ते झेड. भारतीय पासपोर्टवर रकान्यांची शीर्षकं हिंदी-इंग्रजीत असतात, पण तुमचं नाव एकाच लिपीत, रोमनमध्ये. मराठी रूप कुठेच नाही.

३९ घरं पुरेशी वाटतात, पण मोजून बघा. ‘वेंगुर्लेकर’ रोमनमध्ये ११ अक्षरं, ‘ज्ञानेश्वरी’ १२, ‘पांडुरंग’ ९. खुणा धरून ३५ होतात, म्हणजे बसलं. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदांवर मुलाचं, आईचं, वडलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे. निर्णय चांगलाच आहे, आईचं नाव इतकी वर्षं कागदाबाहेर का होतं हाच खरा प्रश्न. पण वरच्या नावात ‘महालक्ष्मी’ (‘एक्स’ने लिहिलं तर ९ अक्षरं) घातलं की बेरीज ४५ होते आणि सहा अक्षरं ओळीबाहेर जातात. यंत्राच्या ओळीत ‘पांडुरंग’ची पहिली तीनच अक्षरं उरली आणि तिकिटावर पूर्ण नाव असलं, तर काउंटरवर प्रश्न येणारच. म्हणून बाळाचं नाव ठरवताना चारही शब्दांची रोमन अक्षरं मोजा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो, त्यामुळे दाखल्यावर जे लिहिलं जाईल तेच पुढे आयुष्यभर चालवावं लागेल.

आडनावाचा रकाना रिकामा सोडलेले जुने पासपोर्ट कोकणात अजून बरेच आहेत, विशेषतः म्हाताऱ्या बायकांचे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा नाकारायला सुरुवात केली. वडलांचं किंवा घराण्याचं नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असेल तर चालेल, अशी सवलत नंतर दिली. तरी आईला सुनेच्या बाळंतपणासाठी बोलवायचं असेल, तर आधी तिचा पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

दुसरी गाठ अरबीत पडते. इथल्या रहिवासी ओळखपत्रावर नाव अरबी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत असतं. अरबी नाव सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधला माणूस रोमनवरून लिहितो. मराठी उच्चार त्याच्या कानावर कधी पडलेलाच नसतो. अरबीत प नाही, ट-ड-ळ नाहीत, च साठी स्वतंत्र अक्षर नाही. पाटीलचा बातील होतो, पारकरचा बारकर. ‘के-एच’ दिसलं की घशातून काढायचा ख लिहिला जातो, त्यामुळे खोत आडनाव ऐकताना वेगळंच वाटतं. इथवर आपल्या हातात काही नाही. व च्या बाबतीत मात्र आहे. रोमनमध्ये व्ही असेल तर अरबी लिहिणारा बहुधा फ घालतो; डब्ल्यू असेल तर त्याच्याकडे व चं अक्षर तयार असतं. सावंत व्हीने लिहिलात तर अरबीत साफंत, डब्ल्यूने लिहिलात तर सावंतच. दळवी, परवडी, सुर्वे, चव्हाण, सगळ्यांना हेच लागू. ज्यांचा पासपोर्ट अजून निघालेला नाही आणि ज्यांना आखातात यायचं आहे, त्यांनी व साठी डब्ल्यू धरावा. ज्यांचा निघालाय त्यांनी आता बदलू नये, त्यात नवी विसंगती तयार होईल.

रोजच्या कामात ओळखपत्राचा क्रमांक पुरतो. पण करार, कोर्टाचं काम, इथे जन्मलेल्या मुलाचा दाखला, मृत्यूचा दाखला, या सगळ्यांत अरबी नाव आधी धरलं जातं. फॉर्म पाठवण्यापूर्वी टायपिंग सेंटरवाल्याला अरबी नाव मोठ्याने वाचायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि चूक तिथेच निघते.

कोकणी मुसलमान घरांत आणखी एक प्रकार होतो. महंमद हे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर चार रोमन अक्षरांत आखडलेलं, तिसऱ्यावर दोनच अक्षरांत. अब्दुल रहमान कुठे एक शब्द, कुठे दोन. गावातल्या शाळेत गुरुजींनी जसं ऐकलं तसं लिहिलं, ते त्या मातीतलं रूप होतं आणि चूक नव्हती. इथे यंत्र या प्रत्येक रूपाला वेगळा माणूस समजतं. आखडलेलं रूप कुठेही वापरू नका.

बाई, राव, बी, मिया यांचंही तसंच. जुन्या नोंदीत ‘रखमाबाई’ किंवा ‘फातिमाबी’ एक शब्द असतो. रोमनमध्ये टाइप करताना तो तुटतो आणि ‘बाई’ हे आडनाव होऊन बसतं. आदराने जोडलेला शब्द कागदावर ओळख बनतो आणि मुलांच्या जन्मदाखल्यात आईचं नाव जुळत नाही. बायकांचं तर लग्नानंतर मधलं नाव, आडनाव आणि कित्येक घरांत स्वतःचं नावही बदलतं. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. जिची पदवी आणि अनुभवाचे दाखले माहेरच्या नावावर आहेत, तिने ते नाव ठेवावं. नवरा-बायकोचं नातं सिद्ध करायला ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला पुरतो.

आता हे सारं फक्त स्पेलिंगपुरतं राहत नाही. अमिरातीत नोकरीचा करार दोन भाषांत असला आणि वाद झाला, तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. कामगाराला समजावं म्हणून नोकरीचा प्रस्ताव अरबी-इंग्रजीसोबत तिसऱ्या भाषेत देण्याची सोय तिथल्या कामगार मंत्रालयाने केली. त्या यादीत हिंदी, उर्दू, बंगाली, मल्याळम, तमिळ, नेपाळी आहेत. मराठी नाही. कोकणातला माणूस हिंदी किंवा उर्दू प्रत घेतो, ओळखीच्या माणसाकडून समजून घेतो आणि सही करतो. मल्याळम तिथे आहे, कारण केरळची माणसं संख्येने मोठी आहेत आणि त्यांच्या सरकारने हा विषय आपला मानला: परदेशस्थ केरळी लोकांसाठी स्वतंत्र खातं १९९६ मध्येच उभं राहिलं, आणि कागद साक्षांकित करण्याचं काम त्याच यंत्रणेच्या कार्यालयांतून राज्यातल्या राज्यात होतं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्याचा अभिमान आम्हाला इथेही आहे. पण वेंगुर्ल्याच्या गवंड्याला त्याचा करार त्याच्या भाषेत वाचता यावा, ही मागणी महाराष्ट्राने अजून कुणापुढे नेटाने मांडलेली दिसत नाही. मांडायला हवी.

कागदाचा प्रवास असा होतो. जन्म किंवा विवाहाच्या दाखल्यावर आधी राज्य शासनाच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाची सही, म्हणजे मंत्रालय, म्हणजे मुंबई. मग परराष्ट्र मंत्रालय. ते कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. एका देशाचा कागद दुसऱ्या देशात ‘अपोस्टिल’ नावाच्या एकाच शिक्क्यावर चालावा, यासाठीच्या हेग करारात भारत १४ जुलै २००५ पासून आहे. ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबियाही त्यात असल्याने तिथे अपोस्टिल पुरतं. अपोस्टिलचं परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये, एजन्सीचा आकार वेगळा. अमिरात, कतार, कुवेत यांच्यासाठी पुढे त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. दाखला लॅमिनेट करू नका. शिक्के आणि स्टिकर मागच्या बाजूला लागतात. प्लास्टिक चढवलेला कागद परत येतो आणि नवा काढावा लागतो. कोकणातल्या पावसाळी हवेला घाबरून लोक नेमकं तेच करतात.

जुन्या नोंदींचं दुखणं वेगळं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधीच्या नोंदी गाव नमुना १४ या जुन्या नोंदवहीत, तहसील कार्यालयात, काही ठिकाणी मोडी लिपीत सापडतात. कित्येक नोंदींत बाळाचं नावच नसतं, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, कारण नोंद बारशाआधी झाली. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नाव नंतर घालता येतं. लिहिताना झालेली चूक कलम १५ खाली दुरुस्त होते; मूळ नोंद तशीच राहते आणि समासात दुरुस्ती लिहितात. मात्र नावच वेगळं हवं असेल तर ती दुरुस्ती होत नाही, तो बदल ठरतो आणि त्याला महाराष्ट्र शासनाचं राजपत्र लागतं. हा फरक न कळल्याने लोक साध्या वेलांटीच्या चुकीसाठी राजपत्रापर्यंत जातात, आणि मग जुनं नाव, नवं नाव असे दोन कागद जन्मभर सांभाळत बसतात.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी जन्मनोंद, मग शाळा, मग आधार, पॅन आणि शेवटी पासपोर्ट. बहुतेक जण उलटे जातात, कारण घाई पासपोर्टची असते. शाळेतली दुरुस्ती मुलगा शाळेत असेपर्यंत करून घ्या. शाळा सोडल्यावर दाखल्यात बदल मिळणं फार कठीण. आधार केंद्रावर रोमन टाइप केलं की यंत्र मराठी रूप सुचवतं आणि दळवीचा दलवी करतं. पडद्यावर वाचून ळ घालायला लावा. भाऊ, बहीण, वडील, सगळ्यांनी आडनावाचं एकच रोमन रूप ठरवा आणि घरातल्या एका वहीत लिहून ठेवा. बायको-मुलांच्या व्हिसासाठी वडलांच्या पासपोर्टवरचं नाव आणि मुलाच्या दाखल्यावरचं वडलांचं नाव अक्षराला अक्षर जुळावं लागतं.

मूल इथे जन्मलं तर एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करा. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाच्या भारतीय नागरिकत्वाला ती नोंद लागते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. आखाती देश जन्मामुळे नागरिकत्व देत नाहीत, त्यामुळे मधल्या काळात मूल कुठल्याच देशाचं राहत नाही.

सोयीसाठी नाव तोडू नका. ज्ञानेश्वरचा ‘डॅनी’ करून कंपनीत हाक मारणं सोपं होईल, पण पगाराच्या आणि अनुभवाच्या दाखल्यावर तेच उतरल्याची उदाहरणं आहेत, आणि पुढच्या नोकरीत तो अनुभव कुणाचा हे सिद्ध करता येत नाही. सही मात्र मराठीत करता येते. पासपोर्टवर देवनागरी सही चालते. फक्त ती सगळीकडे एकसारखी हवी, बँकेच्या नमुना सहीसकट.

गणपतीला गावी येणार असाल तर ही कामं सणाच्या दिवसांवर ढकलू नका. एकेका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावं असतात, त्यामुळे तुमच्या गावचा वार फोनवर आधी विचारा. जाताना आई-वडलांच्या आधारच्या प्रती, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्टची झेरॉक्स न्या. जन्माच्या किंवा विवाहाच्या दाखल्याच्या किमान तीन मूळ प्रती मागा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही असलेल्या. शिक्क्यावरचं गावाचं नाव आणि पासपोर्टवरचं जन्मगाव जुळतं का, ते कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वीच बघा. मालवण आणि सावंतवाडी रोमनमध्ये दोन-दोन प्रकारे लिहिलेली आढळतात.