तुम्ही विचारलंत म्हणून: गाणी करणाऱ्याला सिंफनी कशाला हवी?

माझ्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील हे विचारतात, जुने वादक मित्र विचारतात. परवा एका विद्यार्थिनीच्या आईनं मुलीच्या व्हायोलिनची पेटी बंद करता करता विचारलं, "सर, तुम्ही सारखं त्या तमिळ संगीतकाराचं, इळैयाराजांचं नाव घेता. त्यांनी हजारावर सिनेमांना संगीत दिलं, सात हजारांवर गाणी केली. मग ऐंशी उलटल्यावर लंडनला जाऊन सिंफनी सादर करायची काय गरज होती?"

८ मार्च २०२५ ला लंडनच्या इव्हेंटिम अपोलोमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं त्यांची 'व्हॅलियंट' ही सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली लांब रचना, वाजवली, तेव्हापासून हा प्रश्न फारच येतो. दारात उभ्याउभ्या मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

तरुणपणी मी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये काही वर्षं सेकंड व्हायोलिन वाजवलं. हिंदी सिनेमाची जुनी पद्धत मला तिथल्या वडीलधाऱ्या वादकांकडून कळली. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधायचा आणि सिटिंगला शेजारी अरेंजर बसायचा. तो पुष्कळदा गोव्याचा असायचा, लहानपणापासून नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचणारा. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. इंट्रो, अंतऱ्यांमधले म्युझिक पीस, गायकाच्या ओळीमागून सरकत जाणारे ऑब्लिगाटो, हे सगळं अरेंजर कागदावर उतरवायचा. म्हणजे चाल एकाची आणि वाद्यवृंद बऱ्याच अंशी दुसऱ्याचा. त्यातून अजोड गाणी झाली. त्या गोवेकरांचं ऋण मी जन्मभर मानीन.

इळैयाराजांचं वेगळेपण इथेच आहे. त्यांची चाल आणि वाद्यवृंद एकाच लेखणीतून येतात. त्यांच्या गाण्यातला नुसता बेस ऐकून बघा. ती ओळ वेगळी काढून गुणगुणता येते, कारण तीही चाल म्हणूनच सुचलेली असते. वर गायक एक गाणं गातोय, खाली बेस दुसरं गातोय, मध्ये व्हायोलिन तिसरं, आणि तिघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. पाश्चात्य संगीतात याला काउंटरपॉइंट म्हणतात. आम्हा वादकांना ते अंगवळणी पडायला वर्षं जातात.

हा माणूस ते शिकला कुठे? जन्म १९४३ चा, पन्नैपुरम नावाच्या गावात, आताच्या तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात. दलित कुटुंब. थोरले सावत्र भाऊ पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षाच्या सभांमध्ये गाण्यांचे कार्यक्रम करत, त्यांच्याबरोबर हा पोरगा हार्मोनियम घेऊन गावोगाव हिंडला. १९६८ मध्ये मद्रास. तिथे धनराज मास्तरांकडे स्टाफ नोटेशन आणि पाश्चात्य संगीताचे धडे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची परीक्षा, कन्नड संगीतकार जी. के. वेंकटेश यांच्याकडे सहायकाची नोकरी. १९७६ मध्ये 'अन्नकिळी' आला आणि गावाकडचं गाणं तमिळ सिनेमात दणक्यात शिरलं. शेतातला सूर आणि जर्मन संगीतकार बाखचा कागद या दोन्ही गोष्टी त्यांनी तिशीच्या आतच गोळा केल्या होत्या.

आता मुख्य मुद्दा. आपल्या देशात सिंफनी लिहायची इच्छा असलेल्या माणसानं ती वाजवून कुणाकडून घ्यायची? मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तो २००६ मध्ये. त्याआधीच्या हौशी, अधूनमधून जमणाऱ्या वाद्यवृंदांच्या भरवशावर कुणाचं आयुष्य घडणार? पण सिनेमाच्या स्टुडिओत रोज सकाळी व्हायोलिनवाले, चेलोवाले, बासरीवाले हजर असत आणि त्यांचे पैसे निर्माता देई. इळैयाराजा तिथेच बसून भरभर नोटेशन लिहीत, वादकांना पार्ट वाटले जात आणि सकाळी कागदावर उतरलेलं त्याच दिवशी कानांनी ऐकायला मिळे. अशी तालीम युरोपातल्या किती संगीतकारांच्या वाट्याला आली असेल? मात्र जागा अगदी थोडी. साडेचार मिनिटांचं गाणं, त्यात अर्ध्या-पाऊण मिनिटाचे दोन पीस. जे सांगायचं ते त्यातच.

१९९१ च्या 'दळपती' या तमिळ सिनेमातलं 'सुंदरी कण्णाल' घ्या. हे ध्वनिमुद्रण मुंबईत झालं. राग कल्याणी, म्हणजे आपला यमन. पडद्यावर योद्धा प्रेयसीला सोडून लढाईला निघालाय. मधल्या पीसमध्ये ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, आणि तालवाद्यं उसळतात, अख्खं रण उभं राहतं, आणि क्षणात व्हायोलिन तुम्हाला पुन्हा त्या बाईच्या डोळ्यांपाशी आणून सोडतात. मी पहिल्यांदा कॅसेटवर ऐकलं तेव्हा तमिळचा एक शब्द कळत नव्हता, तरी गोष्ट सगळी कळली.

त्याआधी, १९८६ मध्ये, त्यांनी सिनेमाबाहेर 'हाऊ टु नेम इट' हा अल्बम केला आणि तो कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज व बाख या दोघांना अर्पण केला. त्यात बाखच्या ई मेजर पार्टिटा या एकट्या व्हायोलिनच्या रचनेचं प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, येतं, जे प्रत्येक व्हायोलिनवाला घोटून घोटून वाजवतो. व्ही. एस. नरसिंहन यांचं व्हायोलिन त्या सुरांवरून कर्नाटकी गमकांत उतरतं तिथे मी आजही हातातलं काम थांबवतो. १९९३ मध्ये लंडनमध्ये याच रॉयल फिलहार्मोनिकबरोबर एक सिंफनी ध्वनिमुद्रितही झाली होती, पण ती प्रकाशित झाली नाही. २००५ मध्ये माणिक्कवाचकरांची जुनी शैव पदं, 'तिरुवासगम', बुडापेस्टच्या वाद्यवृंदाबरोबर आली. त्यात मध्ये इंग्रजी ओळी येतात, तिथे माझं मन रमत नाही. पण ते स्वतः आपल्या खरखरीत आवाजात एकटे गातात आणि मागे तंतुवाद्यं हलकेच उभी राहतात, तिथे गाणं कुठे संपतं आणि सिंफनी कुठे सुरू होते हे सांगता येत नाही.

तर ताई, लंडनला त्यांनी काही नवं सुरू केलं असं मला वाटत नाही. पन्नास वर्षं जे अर्ध्या मिनिटाच्या पीसमध्ये कोंबून लिहिलं, त्याला या वेळी हवी तेवढी जागा मिळाली. 'सैराट'च्या वेळी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद वाजवून घेतला, तेव्हा 'एवढं कशाला' असं मला कुणीच विचारलं नव्हतं. गावातल्या पोरापोरीच्या प्रेमामागे साठ-सत्तर वादक आपल्याला तेव्हा अगदी सहज पटले.

तुमच्या लेकीला मी सध्या 'सदमा'तल्या अंगाईचा व्हायोलिनचा भाग देतोय. तीही चाल त्यांचीच. घरी ती सराव करेल तेव्हा तुम्ही वरची ओळ गुणगुणा, 'सुरमई अँखियों में'. तिची ओळ वेगळी जाईल. चुकली असं समजून तिला थांबवू नका.