स्पिनवर आलेला ठेका

आमचं वॉशिंग मशीन गेले दोन आठवडे स्पिनला आलं की जागेवर नाचतं, आणि नाचता नाचता धप-टक, धपधप-टक असं काहीतरी वाजवतं. घरात सगळ्यांच्या डोक्यात जातो तो आवाज. मी परवा ओट्यापाशी चहाची वाट बघत उभा होतो तर बोटं आपोआप ओट्यावर त्याच्याबरोबर वाजायला लागली, आणि एकदम क्लाइड स्टबलफील्ड नावाचा अमेरिकन ड्रमर आठवला.

कोण हा, असं तुम्ही विचारणार. मलाही हॉस्टेलला असताना माहीत नव्हतं. रूममेट दिवसभर हिप हॉप लावायचा, पब्लिक एनिमीचं 'फाइट द पॉवर', एलएल कूल जेचं 'मामा सेड नॉक यू आउट', आणि मला सारखं वाटायचं की अरे हे ड्रम्स कुठंतरी ऐकलेत. ऐकलेलेच होते की! दोन्हीकडे अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यातला तोच लूप, म्हणजे रेकॉर्डवरून उचलून परत परत फिरवलेला ठेका. जॉर्ज मायकलच्या 'फ्रीडम ९०'मधे पण तोच. आणि कहर म्हणजे शिनेड ओकॉनरनं एका जुन्या आयरिश विलापगीताखाली पण तोच लावलाय आणि तिथंही तो शोभतो, आता बोला.

हे ड्रम्स वाजवले स्टबलफील्डनं, २० नोव्हेंबर १९६९ ला, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. सातेक मिनिटांचं गाणं, त्यात पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राउन सगळ्या बँडला गप्प करतो आणि ड्रमरला सांगतो की सोलो-बिलो नको, जे चाललंय तेच धरून ठेव. पुढं जे येतं ते आपल्या भाषेत म्हणजे तुकडा नाही, तिहाई नाही, नुसता ठेका. आठ बार, म्हणजे आठ आवर्तनं म्हणा, साधारण वीस सेकंद. पण स्नेअरवरच्या, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवरच्या, दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे त्याचा डावा हात जे हलकं हलकं कुजबुजत राहतो ना, सगळी मजा त्यात आहे, चांगला ढोलकीवाला गाणं चालू असताना बोटं नुसती फिरवत ठेवतो तसं. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर ते येतच नाही.

१९८६ ला हे गाणं ब्राउनच्या जुन्या गाण्यांच्या एका अल्बमवर परत आलं, सोबत त्या ठेक्याचा लूप करून वेगळा ट्रॅक, म्हणजे ताट वाढूनच दिलं. पुढच्या वर्षी एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर आलं, म्हणजे रेकॉर्डवरचा आवाज उचलून साठवायचं आणि वाजवायचं मशीन. त्याची मेमरी किती, तर सगळी मिळून दहा सेकंद! मग हिप हॉपवाले मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड पंचेचाळीसवर पळवून आत घ्यायचे आणि मशीनमधे परत हळू करायचे, तेवढीच जागा वाचते. जुगाड काही आपल्याकडंच नाही.

पैशाचं म्हणाल तर गाणं ब्राउनच्या नावावर, स्टबलफील्ड पगारी वादक. हक्क ज्याच्या नावावर गाणं त्याचा आणि ज्याचं रेकॉर्डिंग त्याचा, ठेका धरणाऱ्याचा खिसा रिकामा. आता बँड गप्प करायची अक्कल ब्राउनची हे मी मान्य करतो, पण हात कोणाचे? स्टबलफील्ड पुढं अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरात राहिला, वर्षानुवर्षं सोमवारी रात्री तिथल्या क्लबमधे वाजवायचा. कॅन्सर झाला तेव्हा दवाखान्याचं बिल, सुमारे ९०,००० डॉलर, प्रिन्स या गायकानं गुपचूप भरलं. २०१७ ला स्टबलफील्ड गेला. आणि गंमत बघा, त्याला स्वतःला हे गाणं कधी फारसं आवडलंच नाही!

तो मूळचा अमेरिकेतल्या चॅटानूगा गावचा. लहानपणी तिथल्या कारखान्याचा धाप टाकल्यासारखा आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, रुळांवर गाडीची खडखड, हेच त्याचे पहिले गुरुजी. वॉशिंग मशीन चालू असेल तर तो त्याच्यावरही मनात ड्रम्स बसवायचा म्हणे. म्हणून तो ओट्यापाशी आठवला.

आमच्या मशीनला ते डाव्या हाताचं हलकं काम काही जमत नाही, पण जागा बरोबर धरतं. काल मेकॅनिक येऊन बघून गेला, म्हणाला सस्पेन्शन रॉड गेलेत साहेब, उद्याच बदलून टाकू. मी म्हटलं, आठ दिवस थांबा जरा. आतल्या खोलीतून बायको म्हणाली, काही थांबू नका, उद्याच या.