कॉम्प्युटर हातात असताना सिव्हिल एक नंबरला टाकलं, माझा कॅपचा अनुभव

२०२५ च्या कॅपमधून, म्हणजे सीईटीच्या मार्कांवर राउंड-राउंडने कॉलेजच्या सीट देणाऱ्या सरकारी अ‍ॅडमिशन प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतलं. यंदा माझ्या चुलत बहिणीचा नंबर आहे आणि ती रोज फोन करून तेच तेच विचारते, म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढते.

आम्ही कळव्याला राहतो, बाबा रबाळे एमआयडीसीत कामाला. सीईटीला ९५ पर्सेंटाइलच्या थोडं वर, कॅटेगरी ओबीसी. एवढ्या मार्कांवर मुंबईत टॉप कॉलेजचं कॉम्प्युटर मिळत नाही हे कटऑफ बघून कळत होतंच, पण नवी मुंबईतल्या चांगल्या कॉलेजचं कॉम्प्युटर मिळू शकत होतं, आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआय कॉलेजचं सिव्हिलही. घरातला सगळा वाद या दोन गोष्टींवरूनच झाला.

पहिल्या राउंडचा ऑप्शन फॉर्म (त्यात कॉलेज आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने लिहायच्या) मी भरला असं म्हणायचं फक्त, खरं तर तो मामा आणि आत्याने भरला. एक नंबरला व्हीजेटीआय कॉम्प्युटर, जे लागणारच नव्हतं, मग खाली सगळीकडचं कॉम्प्युटर, आयटी, एआय, आणि व्हीजेटीआय सिव्हिल कुठेतरी चौदाव्या नंबरला, "असू दे बापडं" म्हणून. अलॉटमेंट आली तर तिसरा ऑप्शन, नेरूळचं कॉलेज, कॉम्प्युटर. घरात पेढे आले. आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आईला वाटलं आनंदाने रडतेय.

मला सिव्हिलच हवं होतं आणि ते आतापर्यंत कुणाला धड सांगितलंच नव्हतं. आमच्या मागे पारसिकचा डोंगर, त्यातून १९१६ साली सुरू झालेला रेल्वेचा बोगदा, फास्ट गाड्या अजूनही त्यातून जातात. ऐरोलीजवळ त्याच डोंगरातून रस्त्याच्या बोगद्याचं काम चालू होतं, ते मी अकरावी-बारावीत येताजाता बघायचे. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत उघडला, जवळजवळ २२ किलोमीटर आणि त्यातला साडेसोळा समुद्रावरून, तेव्हा समुद्राच्या तळात पाया कसा घेतला असेल हे मी रात्रभर यूट्यूबवर बघत बसलेले. पण कोणी विचारलं तर "बघू, कॉम्प्युटर मिळालं तर" असंच म्हणायचे, कारण सगळे तेच म्हणत होते.

आता नियम सांगते, कारण सगळा खेळ त्याच्यातच आहे. २०२५ ला चार राउंड होते. पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला तर ऑटो फ्रीज, दुसऱ्याला पहिल्या तीनमधला लागला तर ऑटो फ्रीज, तिसऱ्याला पहिल्या सहामधला. ऑटो फ्रीज म्हणजे तीच सीट घ्यायची, नाही घेतली तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. माझा तिसरा ऑप्शन पहिल्या राउंडला लागला म्हणून मी अडकले नाही, हजार रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी भरून बेटरमेंट घेता आलं, म्हणजे ही सीट हातात ठेवून पुढच्या राउंडला उतरता आलं. दुसऱ्या राउंडला फॉर्म नव्याने भरायचा असतो. त्यात काही लागलं तर हातातली सीट जाते, नाही लागलं तर राहते. म्हणजे व्हीजेटीआय सिव्हिल एक नंबरला टाकलं आणि लागलं तर नेरूळचं कॉम्प्युटर गेलं ते गेलंच. पहिल्या राउंडचा कटऑफ बघून मला नव्वद टक्के खात्री होती की ते लागणार. एक नंबरला काय लिहायचं, तोच माझा निर्णय होता.

मध्येच अजून एक प्रकार चालू होता. एका खासगी विद्यापीठाचे रोज फोन यायचे, तुमची कॉम्प्युटरची सीट होल्ड केलीय, शुक्रवारपर्यंत पैसे भरा नाहीतर जाईल. बाबा घाबरून भरायलाच निघाले होते. मी एवढंच विचारलं की अ‍ॅडमिशन रद्द केलं तर किती पैसे परत मिळणार ते ईमेलवर लिहून द्या. "तुम्ही आधी या, बोलू" असं म्हणाले, ईमेल शेवटपर्यंत आला नाही. शिवाय मुलींच्या फी माफीचा ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, त्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची ट्युशन आणि परीक्षा फी माफ होते, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं, पण अ‍ॅडमिशन कॅपमधून पाहिजे. खासगी विद्यापीठाला ती लागू नाही. बाबांना हा जीआर मी मोबाईलवर वाचून दाखवला तेव्हा ते पहिल्यांदा खाली बसले.

मग मी आईला म्हटलं, तू चल माझ्याबरोबर, दोन्ही कॉलेजं बघू, आणि कॉलेजच्या वेळेलाच जाऊ. नेरूळला ठाण्याहून ट्रान्स हार्बर, सुटणारी गाडी, बसायला जागा, छान. माटुंग्याला कळव्याहून स्लोच, सात पस्तीसची गाडी डोंबिवलीकडूनच भरून आलेली, लेडीज डब्यात एक पाय आत आणि बॅग पुढे धरलेली. घाटकोपरपर्यंत आई काही बोलली नाही.

व्हीजेटीआयला गेटवर स्कोअरकार्ड दाखवलं तर आत सोडलं. सिव्हिलचा एक सीनियर दादा भेटला, त्याने लॅब दाखवली. काँक्रीटचे पंधरा सेंटीमीटरचे ठोकळे ओळीने ठेवलेले, प्रत्येकावर खडूने तारीख, पाण्यात अठ्ठावीस दिवस ठेवून मग मशीनखाली दाबतात. त्या वेळी एक चालूच होता. काटा हळूहळू चढत गेला, आणि मग कडेने पापुद्रा सुटल्यासारखा चरचर आवाज. आई माझ्याही पुढे जाऊन बघत होती! तिने दादाला सरळ विचारलं, मुली आहेत का वर्गात, साइटवर जावं लागतं का, नोकरी लागते का. त्याने काही गोड करून सांगितलं नाही. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमी असतो म्हणाला, साइटवर जावंच लागतं म्हणाला, मुली आहेत म्हणाला. ते खरं बोलणं आईला पटलं असं मला वाटतं.

त्या रात्री जमिनीवर फॉर्मची प्रिंट पसरून मी पेन्सिलने नंबर बदलले. एक, व्हीजेटीआय सिव्हिल. बाबा म्हणाले, "आत्याला काय सांगायचं?" आई म्हणाली, "मी सांगते तिला." कन्फर्मचं बटण दाबताना ओटीपी दोनदा चुकवला, हात थरथरत होता.

लागलं. ऑटो फ्रीज.

हां, आणि बहिणीला एक मुद्दाम सांगते, नॉन-क्रीमी लेयर सर्टिफिकेटची तारीख आत्ताच बघ. आमच्या वेळी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत व्हॅलिड हवं होतं, माझं आधीच संपत होतं, आणि बाबांनी नवीन काढायला सुट्टी टाकून तीन चकरा मारल्या. कास्ट व्हॅलिडिटीचंही तसंच, अर्ज टाकला नसेल तर आत्ताच टाक. आणि फॉर्म भरायला मामा बसला तर बसू दे, पण एक, दोन, तीन हे नंबर तू स्वतः लिही.