ॲरिझोनात नेमबाजीला जागा शोधताना: फिनिक्सच्या आसपासच्या फेऱ्या

न्यू जर्सीहून फिनिक्सच्या बाजूला, म्हणजे चँडलरला शिफ्ट झालो तेव्हा घर, मुलांची शाळा, इंडियन ग्रोसरी हे सगळं पटापट मार्गी लागलं, पण रायफल घेऊन जायचं कुठे हे नीट कळायला बराच वेळ गेला. तिकडे एक ठरलेली रेंज होती, मेंबरशिप होती, प्रश्नच नव्हता. इथे उलटं आहे, जो भेटेल तो सांगतो की "अरे वाळवंटच आहे, कुठेही जा". आणि हेच वाक्य सगळ्यात धोकादायक आहे असं माझं मत झालंय. जागा भरपूर आहे हे खरं, पण ती जमीन कुणाची आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि बघायला गेलं तर सगळी जमीन सारखीच दिसते, तोच दगड तेच कॅक्टस.

जागांबद्दल सांगण्याआधी आपल्या लोकांसाठी एक गोष्ट, कारण पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं त्यानंतर मला इथल्या मराठी ग्रुपमधून बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हाला पण एकदा घेऊन चल. मंडळी, एच वन, एल वन, एफ वन, एच फोर, यातल्या कुठल्याही व्हिसावर आला असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही जवळ बाळगायला बंदी आहे. आणि रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेही त्यातच येतं, "विकत थोडीच घेतोय" हे चालत नाही. यातून मुख्य वाट एकच आहे, कुठल्याही एका राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते ऑनलाइन मिळतं, शिकार करा अगर नका करू, पण ते तुमच्या नावावर आणि मुदतीत असलं पाहिजे आणि रेंजला जाताना जवळ ठेवा. ॲरिझोनात रेसिडेंट म्हणून लायसन्स हवं असेल तर राज्यात सहा महिने राहिलेलं लागतं, नवीन आलेल्याला नॉन रेसिडेंटचं घ्यावं लागतं आणि ते कितीतरी महाग पडतं. तरी घ्या. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही, मात्र बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढू शकतात, त्यामुळे खाली जे नियम सांगतोय ते आपल्यासाठी नागरिकांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, मित्राला नको.

सामान आणण्याबद्दल थोडक्यात. मी .२२ म्हणजे लहान कॅलिबरची रायफल गाडीतून आणली. वाटेत राज्यागणिक कायदे बदलतात, फेडरल कायदा प्रवासाला संरक्षण देतो पण त्याच्या अटी आहेत: निघालात तिथे आणि पोचणार तिथे दोन्हीकडे बंदूक कायदेशीर हवी, ती रिकामी हवी, बंदूक आणि गोळ्या डिकीत हव्यात, सीटवरून हात पोचेल अशा नकोत, आणि डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत, ग्लव्ह बॉक्स चालत नाही. मधे कुणाकडे दोन दिवस मुक्काम ठोकून फिरायचा बेत असेल तर त्या राज्याचा कायदा आधी वाचा. इथे पोचल्यावर न्यू जर्सीसारखं फायरआर्म्स आयडी कार्ड वगैरे काही लागत नाही, रजिस्ट्रेशन नाही, पण दुकानातून काही घ्यायचं तर नवीन पत्त्याचं ॲरिझोनाचं ड्रायव्हिंग लायसन्स आधी करून घ्या.

आता जागा. माझा सल्ला स्पष्ट आहे, पहिल्यांदा बेन एव्हरीलाच जा. फिनिक्सच्या उत्तरेला आय १७ आणि केअरफ्री हायवे जिथे मिळतात तिथे हायवे सोडून पश्चिमेला वळलं की आलंच. राज्याचं गेम अँड फिश खातं ही रेंज चालवतं, १,६५० एकर जागा आहे, म्हणजे किती मोठी हे आत गेल्याशिवाय कळत नाही. बेन एव्हरी हे इथल्या ॲरिझोना रिपब्लिक पेपरात शिकार-मासेमारी-जंगल या विषयांवर लिहिणारे पत्रकार होते, त्यांचं नाव दिलंय. एका बाजूला रायफल-पिस्तुलाची मेन रेंज, दुसरीकडे शॉटगनवाल्यांचं क्ले टार्गेट सेंटर जिथे ट्रॅप, स्कीट म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायचे प्रकार सगळे चालतात, आणि धनुर्विद्येची पण वेगळी रेंज आहे. रोज उघडी नसते, त्यामुळे निघायच्या आधी वेळ बघूनच निघा, चँडलरहून पाऊण तास सहज लागतो.

आत गेलं की काउंटरवर नाव लिहायचं, पैसे भरायचे, लेन मिळते. वर शेड असलेली बाकं ओळीने, समोर मातीचे बांध आणि मागे डोंगर. रायफल केसमधूनच बाकापर्यंत न्यायची, नळी कायम समोर. थोड्या थोड्या वेळाने स्पीकरवरून सीझ फायर पुकारतात, तेव्हा बंदूक रिकामी करायची, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, रंगीत प्लास्टिकचा फ्लॅग घालायचा आणि बाकापासून मागच्या रेषेमागे जाऊन उभं राहायचं. रेंज ऑफिसर एकेक बाक बघत जातो, मग परवानगी मिळाली की सगळे पुढे जाऊन आपापली टार्गेट लावतात. या वेळात बंदुकीला हातही लावायचा नाही, स्कोप पुसायचा नाही, काही नाही. मला कॉलेजातली एनसीसी आठवली, तिथे उस्ताद शब्दावर आडवं पाडायचे आणि शब्दावर उठवायचे, आणि खरं सांगतो ती शिस्त बघून फार बरं वाटलं. शेजारच्या बाकावर एक आजोबा नातीला .२२ शिकवत होते, दर गोळीनंतर बोट ट्रिगरवरून काढून बाहेर सरळ ठेवायला लावत होते, एकदाही आवाज न चढवता. असं शिक्षण मोकळ्या वाळवंटात चकटफू मिळत नाही.

न्यायच्या वस्तू: डोळ्यांना गॉगल आणि कानाला संरक्षण हे सक्तीचं आहेच, पण शेडखाली शेजारी कुणी मोठी रायफल झाडत असेल तर नुसत्या इअरप्लगवर भागत नाही, प्लग आणि वरून मफ दोन्ही घाला. स्टेपलर न्या, दोन-तीन टार्गेट जास्तीची न्या, चेंबर फ्लॅग न्या. गोळ्या नेण्याआधी चुंबक लावून बघा, पोलादाच्या गाभ्याच्या गोळ्यांना बऱ्याच ठिकाणी मनाई असते कारण दगडावर आपटून ठिणगी उडते. .२२ वाल्यांसाठी ५० यार्डचं टार्गेट घ्या, कुसाळे ५० मीटरवर जी कॅलिबर वापरतो तीच ही, त्यामुळे गुडघ्यावर, आडवं आणि उभं अशा तीन पोझिशनची किंमत स्वतः करून बघितल्यावर कळते. मात्र बाकावर बसूनच झाडायचं की कसं हे ऑफिसरला विचारूनच.

ईस्ट व्हॅलीत म्हणजे मेसा, गिल्बर्ट, चँडलरला राहणाऱ्यांना मेसाच्या पलीकडे युसेरी पासजवळ रिओ सलाडो स्पोर्ट्समन्स क्लब आहे, तो जवळ पडतो. क्लब आहे पण पब्लिकसाठीही वेळ ठेवलेली असते, मॅचेस बऱ्याच होतात, आधी बघून जा. उन्हाळ्यात शहरातल्या एसी इनडोअर रेंज आहेतच, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

मोकळ्या जमिनीबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण नवीन माणूस इथेच फसतो. नकाशावर चार रंग ओळखायला शिका. पिवळा म्हणजे बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या फेडरल खात्याची) जमीन, हिरवा म्हणजे नॅशनल फॉरेस्ट, या दोन्हीवर बंदी घातलेली नसेल तिथे टार्गेट शूटिंग चालतं. फिका निळा म्हणजे स्टेट ट्रस्ट लँड, तिथे टार्गेट शूटिंगला मनाई, आणि त्यांचं रिक्रिएशन परमिट काढलं म्हणून ते चालू होत नाही. पांढरा म्हणजे खाजगी. शिवाय नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या रिझर्व्हेशन, चँडलरच्या दक्षिणेला लागूनच गिला रिव्हरची जमीन आहे, तिथे बंदूक घेऊन जायचा विचारही करू नका, ती त्यांची भूमी आहे आणि कायदाही त्यांचा. हे पट्टे एकमेकांत बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळलेले आहेत, पिवळ्यात उभे राहून गोळी निळ्यात जातेय असं सहज होतं. म्हणून फोनवर जमिनीच्या मालकीचा नकाशा दाखवणारं ॲप, ऑनएक्स वगैरे, घरीच डाउनलोड करून न्या, तिकडे नेटवर्क मिळेल याची खात्री नाही.

मोकळ्यात पहिल्यांदा जाणार असाल तर बीएलएमने मुद्दाम तयार केलेल्या साइट आहेत तिथे जा. फिनिक्सच्या आसपास बाल्डी माउंटन, चर्च कॅम्प रोड, बॉक्स कॅनियन, नॅरमोर रोड, सॅडलबॅक माउंटन अशा पाच ठरवल्या त्यांनी. बाल्डी माउंटन लेक प्लेझंटच्या बाजूला आहे, मी तिथे गेलो, पैसे नाहीत, पार्किंग आहे, बांध घातलेले आहेत, पण रेंज ऑफिसर नाही. म्हणजे सीझ फायर तुम्हीच शेजाऱ्यांशी बोलून ठरवायचं. गाडीतून उतरल्यावर आधी बाकी लोकांना जाऊन हॅलो म्हणा, कोण कुठल्या दिशेला झाडतंय ते बघा, आणि कुणी बेफिकीर वाटलं तर वाद न घालता सरळ निघून या. मी एकदा तसाच निघून आलो, गाडीभर सामान परत भरून, आणि तेच बरोबर होतं.

फॉरेस्टमध्ये, म्हणजे इथल्या टोंटो नॅशनल फॉरेस्टमध्ये जायचं तर घर, कॅम्प, लोकांचा वावर असलेली जागा यांपासून १५० यार्डांच्या आत झाडायचं नाही, रस्त्यावरून किंवा पाण्यावरून गोळी जाता कामा नये. आणि मागे बांध हवाच. नुसती टेकडीची कड नाही, मातीचा उंच उतार, कारण साध्या .२२ च्या डब्यावरसुद्धा गोळी मैल-दीड मैल जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो. १९९९ साली फिनिक्समध्ये शॅनन स्मिथ नावाची १४ वर्षांची मुलगी कुणीतरी हवेत झाडलेल्या गोळीने गेली, त्यावरून पुढच्या वर्षी शॅनन्स लॉ आला, शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे गोळी झाडणं हा फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा आहे. शहरं इतक्या वेगाने वाढतायत की जुन्या कुणी सांगितलेली जागा आज हद्दीत आलेली असू शकते.

सग्वारोवर, म्हणजे त्या हात वर केलेल्या मोठ्या कॅक्टसवर गोळी झाडणारे लोक आहेत, त्याच्या अंगावरची भोकं बघून मला संताप येतो. ते झाड कायद्याने संरक्षित आहे आणि पहिला हात फुटायलाच अनेक दशकं लागतात. १९८२ मध्ये लेक प्लेझंटजवळ असाच एक माणूस सग्वारोवर झाडत होता, त्याची फांदी अंगावर कोसळून तो जागीच गेला. काचेच्या बाटल्या, जुने टीव्ही, फ्रिज नेऊन फोडणं हेही तसंच, या कचऱ्यामुळेच एकेक जागा बंद होतात. कागद किंवा क्ले वापरा, खाली ताडपत्री अंथरा म्हणजे रिकाम्या पुंगळ्या तिच्यावर पडतात आणि गोळा करायला सोपं जातं, आणि दुसऱ्याचाही पिशवीभर कचरा उचलून आणा.

आगीचं तर अजिबात हलक्यात घेऊ नका. एप्रिल २०१७ मध्ये टूसॉनच्या दक्षिणेला स्फोट होणाऱ्या टार्गेटवर एकाने गोळी झाडली, होणारं बाळ मुलगा की मुलगी हे रंगाने जाहीर करायचा कार्यक्रम होता, त्यातून सॉमिल फायर लागली आणि जवळजवळ ४७,००० एकर जळालं. त्याला ८० लाख डॉलरहून जास्त भरपाई लावली. म्हणून स्फोटक टार्गेट आणि ट्रेसर म्हणजे जळत जाणाऱ्या गोळ्या नाहीच, आणि मे-जूनमध्ये कोरडं पडलं की फॉरेस्ट आणि बीएलएम निर्बंध लावतात त्यात टार्गेट शूटिंगही बंद होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या त्या खात्याच्या साइटवर बघा, मागच्या आठवड्यात चालू होतं हा पुरावा नाही.

चांगले महिने ऑक्टोबर ते एप्रिल. सकाळी लवकर निघा, पश्चिमेकडे तोंड होईल अशी जागा घ्या म्हणजे ऊन पाठीवर. माणशी चार-पाच लिटर पाणी, टर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा) असलेली फर्स्ट एड किट आणि ती वापरायची कशी हे माहीत असलेलं माणूस, एक्स्ट्रा टायर, आणि कुठे जातोय ते घरी सांगून ठेवा, पिन पाठवा. दगडाखाली हात घालू नका, रॅटलस्नेक असतात. पावसाळ्यात, जून मध्य ते सप्टेंबर, कोरड्या ओढ्यात गाडी उभी करू नका, लांब कुठेतरी पाऊस पडून पाणी येतं.

आणि परत आल्यावर हात-तोंड थंड पाण्याने साबण लावून धुवा, शिसं असतं हातावर, त्याआधी काही खाऊ नका. ते कपडे वेगळे धुवा, बूट बाहेर ठेवा. घरात लहान मूल असेल तर अंघोळ करूनच त्याला जवळ घ्या.