शेरू नेमका कोणाचा?

इंदूरला आमच्या राजेंद्रनगरच्या गल्लीत शेरू नावाचा कुत्रा आहे. तपकिरी, चांगला धष्टपुष्ट, गळ्यात लाल पट्टा. कोपऱ्यावरच्या भाभीजी त्याला रोज सकाळी गेटसमोर दूध-रोटी घालतात, थंडीत पोतं अंथरतात, दिवाळीत फटाक्यांना घाबरतो म्हणून पोर्चमध्ये घेतात, आणि तो कोणाच्या अंगावर धावून गेला की मात्र, "अरे हमारा थोड़ी है, गली का है." लाड करायला घरचा, तक्रार आली की गल्लीचा! त्याच्या भुंकण्यापेक्षा मला याचाच जास्त संताप येतो.

बरं हा नुसता शब्दांचा खेळ नाहीये. पाळीव म्हटला तर जबाबदारी मालकाची, निष्काळजीपणे मोकळा सोडला आणि कोणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गल्लीचा म्हटला तर 2023 चे एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल) नियम, म्हणजे पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, आणि सहसा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. "उचलून दूर कुठेतरी सोडून या" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं, तसं करता येत नाही. शेरूच्या कानाला खाच नव्हती, म्हणजे नसबंदी झालेली नाही हे कोणालाही दिसत होतं, पण पट्टा बघून सगळे समजायचे की भाभीजींनी सगळं केलं असेल.

मग एक दिवस समोरचे काका दुधाची पिशवी घेऊन येताना याने पोटरी धरली. पायजमा फाटला, दात चांगले रुतले, रक्त आलं. काकू हळद घेऊन धावल्या, कोणीतरी म्हणालं मिरची भरा (हे अजूनही लोक सांगतात, कमाल आहे), पण आमच्या सासूबाई खमक्या, त्यांनी काकांना ओट्यावर बसवून अंगणातला नळ सोडला आणि कपड्यांच्या साबणाने चांगली 15 मिनिटं जखम धुतली, काका ओरडतायत तरी. मग ऑटोने लाल अस्पताल नावाच्या सरकारी दवाखान्यात. रेबीजचं पहिलं इंजेक्शन लगेच, पुढचे डोस 3, 7 आणि 28 व्या दिवशी, आणि रक्त आलेलं असल्यामुळे जखमेभोवती रेबीजविरोधी सीरम वेगळं द्यावं लागलं. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायला सांगितलं, अर्थात तो ठणठणीत होता, दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेटवर हजर.

यानंतर महापालिकेच्या 311 ॲपवर तक्रार टाकली. गाडी आली, शेरूला नेलं, काही दिवसांनी कानाला खाच पाडून परत सोडला. लोकांना वाटलं आता गाय होऊन येईल. कशाचं काय! नसबंदीने मारामाऱ्या, भटकणं कमी होतं, पण हा मुळात रोटी राखायला अंगावर जायचा. नीट बघितलं तर दुपारी हाच शेरू सगळ्या पोरांमधून शेपूट हलवत फिरतो, त्रास फक्त सकाळी आणि फक्त त्या गेटसमोर, जिथून सगळी गल्ली दूध आणायला जाते. नियमातही हेच लिहिलंय की खायला घालायची जागा जिन्याजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर, मुलं खेळतात तिथे नको. हे भाभीजींना मोबाइलवर दाखवलं तेव्हा त्या जरा नरमल्या, नाहीतर आधी "पुण्य का काम रोक रहे हो" चालू होतं.

आता रोटी मागच्या रिकाम्या प्लॉटवर पडते आणि गेटसमोरून माणसं सुखाने जातात. काका मात्र अजून लांबच्या गल्लीने फिरून येतात, त्यांना कोण सांगणार. सध्या भांडण वेळेवरून आहे, सासूबाई म्हणतात 6 च्या आत घाला, प्लॉटवरून मुलं शाळेच्या बसला जातात, आणि भाभीजींची पूजाच 7 ला आटपते.